भाव करावा कुणाशी?

मराठी भाषा संतांनी घडवली की दुकानदारांनी, याचा निकाल अजून लागायचा आहे. कारण 'भाव' हा एकच शब्द तिने दोन्ही खात्यांवर टाकून ठेवला आहे. देव भावाचा भुकेला असतो आणि भाजीवालीही भावाचीच भुकेली असते. एखाद्याला आपण भाव देतो, एखाद्याला देत नाही. कुणी उगीचच भाव खातो. आणि कोथिंबीर घेताना आपण सगळेच भाव करतो. आमच्या बँकेत अशी एकच नोंद चार खात्यांवर सापडली, तर ऑडिटर समोसा अर्धवट टाकून उठेल. भाषेला ऑडिटर नाही हे तिचे भाग्य.

पण मला अलीकडे वाटू लागले आहे, की ही चुकून पडलेली नोंद नसावी. भाषा आपल्याला काहीतरी सुचवते आहे. जो भाव खातो त्याला आपण मुकाट्याने सांगेल तो भाव देतो, आणि ज्याला आपण एरवी भाव देत नाही, नेमका त्याच्याशीच भाव करतो. वाचकांना हा नुसता शब्दांचा खेळ वाटेल. मलाही वाटला असता. परंतु जून महिन्यातल्या एका चौथ्या शनिवारी हे वाक्य मला कर्जत ते कळंब या रस्त्यावर चालतेबोलते पाहायला मिळाले.

शनिवार चौथा होता हे सांगणे आवश्यक आहे. आम्हां बँकवाल्यांच्या सुट्ट्यांबद्दल समाजात फार गैरसमज आहेत. बँक ही मुख्यतः बंद असते आणि मधूनमधून उघडते, असे पुष्कळांचे मत आहे. वस्तुस्थिती अशी, की १ सप्टेंबर २०१५ पासून महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टीचा झाला आणि बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे झाले. तेव्हापासून आजचा शनिवार कितवा हे ठरवायला लोक कॅलेंडर बघत नाहीत, थेट आमच्या शटरपर्यंत येतात. शटर बंद असले तर चौथा, उघडे असून काम बंद असले तर पहिला किंवा तिसरा.

आमचे कळंब म्हणजे कर्जत तालुक्यातले. धाराशिव जिल्ह्यातले कळंब निराळे आणि यवतमाळकडचे, चिंतामणी गणपतीचे, ते आणखी निराळे. आमच्या कळंबला असे एकही प्रसिद्ध कारण नाही. नेरळहून किंवा कर्जतहून मुरबाडकडे निघालात, तर मध्ये लागते ते हे. आजूबाजूला ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या, भातखाचरे, आणि त्यांच्या मधोमध मुंबईकरांची फार्महाउसे. या फार्महाउसांत फार्म किती आणि हाउस किती हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

तर अशा या कळंबला आमचे मेव्हणे पुण्याहून आले. मेव्हणा वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि पगाराने तिपटीने मोठा, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करतो, पण जरा जपून. तो नुकताच नाशिकला एका वायनरीत जाऊन आला होता. तिथे पैसे भरून त्याने चव घ्यायचे शिक्षण घेतले होते. पेला दांड्याला कसा धरावा, गोल कसा फिरवावा, नाक आत कुठवर घालावे, आणि मग छताकडे बघून "थोडीशी पेरूची आठवण येते" असे कसे म्हणावे. मी म्हटले, "पेरूची आठवण येत असेल तर पेरू खावा. अलाहाबादपासून सगळीकडचे मिळतात." त्याने माझ्याकडे, चेकवर सही जुळत नसताना आम्ही गिऱ्हाइकाकडे बघतो तसे पाहिले.

"भावोजी," तो म्हणाला, "उद्या तुम्हाला सुट्टी आहे ना? आपण तुमच्या भागातला फूड अँड वाइन ट्रेल करू. लोकल दुकाने, लोकल खाणे, लोकल पिणे."

आमच्या भागात लोकल म्हणजे कर्जत लोकल. पण सुट्टीच्या दिवशी पाहुण्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या गाडीत बसणे स्वस्त पडते.

आरंभ अर्थातच कर्जत स्टेशनावरच्या वड्याने झाला. कर्जतच्या वड्याची थोरवी सांगताना लोक मसाल्याचे वगैरे गुणगान करतात. वस्तुतः यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. १८६३ साली बोरघाटातून गाड्या सुरू झाल्या. घाट चढायला पुण्याकडच्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात आणि ती कर्जतला लागतात. तेवढा वेळ गाडी थांबते, गाडी थांबली की माणसाला भूक लागते, आणि भुकेच्या त्या मिनिटांत दिवाडकरांच्या वड्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. चढाव असला की आपल्यालाही मागून काहीतरी लागतेच.

मेव्हण्याने चार वडे घेतले, पाटीवरचा भाव वाचला आणि पैसे दिले. हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. पाटीवर लिहिलेल्या भावाशी कुणी वाद घालत नाही. लिहिलेल्या आकड्याला माणूस वचकून असतो. आमचा सारा धंदा या एका मानवी स्वभावावर उभा आहे.

मग आम्ही एका वाइन शॉपपाशी आलो. महाराष्ट्रात ज्या दुकानावर 'वाइन शॉप' असे लिहिलेले असते, तिथे वाइन सोडून सर्व काही सहज मिळते. हे जरा आमच्या 'चौकशी' नावाच्या खिडकीसारखे आहे. दुकानाला लोखंडी जाळी होती आणि जाळीला हात जाईल एवढे भोक होते. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. फरक इतकाच, की रोज मी जाळीच्या आत असतो. इथली गर्दी मात्र आमच्यापेक्षा शिस्तीची. कुणी फॉर्म कुठे मिळेल विचारत नाही, पेन मागत नाही, सुटे नाहीत म्हणत नाही. व्यवहार दहा सेकंदांत आटोपतो, आणि माणूस बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, आपण वर्तमानपत्रच घ्यायला आलो होतो अशा चेहऱ्याने चालू लागतो.

मेव्हण्याने वाइन मागितली. दुकानदाराने स्टूल आणले. सर्वांत वरच्या फळीवरून, देवघरातला शंख काढावा तशी, एक बाटली काढली आणि फडक्याने पुसली.

"गिफ्ट द्यायचीय का?"

"नाही, प्यायचीय," मेव्हणा म्हणाला. "ड्राय आहे का?"

"छे छे! आज कसला ड्राय? ड्राय आता एकदम आषाढीला."

मला या ठिकाणी एक निराळीच उत्सुकता होती. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे. त्या कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो आणि तो प्रकृतीच्या रक्षणासाठी म्हणून मिळतो. कारकुनाला फॉर्मची हौस असतेच. मी जाळीतून विचारले, "परवान्याचा अर्ज मिळेल का?" दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याच्याकडे सोने ठेवायला लॉकर मागितला. मागचे चार जण आपापली जागा सोडून जरा लांब उभे राहिले.

बाटली साडेनऊशेची होती. मेव्हण्याने विचारले नाही, की नऊशेला देता का. जूनच्या उकाड्यात ती वरच्या फळीवर किती दिवस उभी होती, हेही विचारले नाही. पाकीट काढले, पैसे दिले, वर 'थँक यू' म्हटले.

शेजारीच 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' होते. तिथेही लोकलचा शोध घ्यावा असे मेव्हण्याच्या मनात आले, पण पाय गाडीकडे वळले. मी विचारले, "का रे? हे तर खरे लोकल." तो म्हणाला, "तिथे आपले कोणी बघेल." म्हणजे पहिल्या दुकानात बघितले तर चालते आणि दुसऱ्यात चालत नाही. दोन्हीकडे सरकारचा परवाना आणि दोन्हीकडे सरकारला कर. फक्त एकीकडे बाटलीवर द्राक्षाचे चित्र आणि दुसरीकडे संत्र्याचे. द्राक्षांनी निदान वाइनमध्ये उडी तरी घेतलेली असते. देशीतले संत्रे बहुधा चिकटवलेल्या कागदापुरतेच. आत असतो तो उसाच्या मळीतला अल्कोहोल.

चांगले काय आणि वाईट काय हे वस्तूत नसते, तिच्या बाजूच्या परिस्थितीत असते, असे तत्त्वज्ञ म्हणतात. मला ते कधी पटत नसे. पण नीरेचे बघा. सूर्योदयापूर्वी माडावरून उतरवलेला रस स्टेशनवरच्या केंद्रात नीरा म्हणून पवित्र असतो. गांधीजींचे नाव घेऊन आपण तो पितो. तोच रस ऊन चढेपर्यंत तसाच राहिला, की हवेतले यीस्ट त्यात आपला कार्यक्रम सुरू करते आणि त्याची ताडी किंवा माडी होते. म्हणजे सकाळी खादी ग्रामोद्योग आणि दुपारी एक्साइज इन्स्पेक्टर! नीतीचा काटा घड्याळाच्या काट्याला बांधलेला इतका स्वच्छ मी दुसरीकडे पाहिला नाही. आणि २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे यावर आपल्याकडे जो वाद रंगला, तो ऐकून मला वाटले, आता अद्वैताचा प्रश्नही लवकरच सुटेल.

कळंबच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला तीन-चार बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. पाऊस नुकताच लागला होता. पाट्यांत उरलीसुरली जांभळे होती, आणि होती शेवळं. वर्षातून जेमतेम चार आठवडे मिळणारी ही भाजी. रानात पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून एकदम वर येते, जांभळट तपकिरी, बंद छत्रीसारखी. आमच्याकडे सीकेपी मंडळींत शेवळं आली म्हटले, की घरात मंगलकार्य निघाल्यासारखे वातावरण होते. सोडे घालून की खिमा घालून, यावर भाऊ भाऊ वेगळे झाल्याचे ऐकिवात आहे.

"मावशी, कशी दिली?" मेव्हण्याने विचारले.

"तीस रुपये जुडी, दादा."

"वीसला दे."

मी घड्याळात बघितले. वाइन शॉपमधून निघून पुरता तास झाला नव्हता. त्याच पाकिटात तेच पैसे होते, माणूसही तोच होता. पण वाणी निराळी होती. तिथे 'आहे का' होते, इथे 'दे' होते. बाई म्हणाली, "पंचवीस दे." तो म्हणाला, "वीसच, दोन घेतो." तिने आभाळाकडे पाहिले, पाटीत पाहिले आणि दोन जुड्या चाळिसाला दिल्या. दिल्या त्या दिल्या, आणि वर मूठभर हिरवी आंबट फळे टाकली.

"हे काय?"

"काकडं. ती नसली तं घसा खाजंल. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, काकडं ठेचून रसात शिजवायचं. पाणी फेकू नको नुसतं. नीट शिजव."

हे ज्ञान फुकट होते. आणि ते नुसते चवीचे ज्ञान नव्हते. शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. आंबट घालून नीट शिजवले की त्यांचा त्रास जातो. कोणती भाजी कोणत्या आठवड्यात येते, तिचा कोणता भाग विषारी, कोणता खायचा, कशाबरोबर, ही सारी विद्या त्या बाईच्या आजीच्या आजीने कुणाचा तरी घसा सुजल्यावर मिळवलेली असणार. नाशिकला पेला कुठे धरावा हे सांगायला मेव्हण्याकडून पैसे घेतले होते. इथे घसा कसा वाचवावा हे वर मिळाले, मिरची-कोथिंबीर वर मिळते तसे.

संध्याकाळी सौभाग्यवतीने शेवळं केली, सोडे घालून. मेव्हण्याने वाइन उघडली. पेला फिरवला, नाक घातले, छताकडे पाहिले. मग शेवळांचा घास घेतला आणि पेला खाली ठेवला. "ताई, काय चव आहे! मुंबईत एखाद्या रेस्टॉरंटात याच्या एका बशीला आठशे रुपये लावतील!"

"हो का?" ही म्हणाली. "मग सकाळी वीस रुपये का पाडलेस?"

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

"तिथली गोष्ट वेगळी आणि इथली वेगळी, ताई."

"काय वेगळी?"

याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. त्याला हसणे सोपे आहे, पण तो काही दुष्ट मनुष्य नाही. हॉटेलात वेटरला तो भरपूर टिप देतो, गावच्या देवळाला देणगी देतो. आणि खरे सांगायचे तर हे उत्तर आपल्यातल्या कितीजणांपाशी आहे? रस्त्यावर वीस रुपये वाचवून घरी आलेल्या माणसाला आपल्याकडे 'व्यवहारी' म्हणतात. मॉलमध्ये वीस रुपये कमी करा म्हणणाऱ्याला 'वेडा' म्हणतात. म्हणून मी कॉमर्सच्या पुस्तकांकडे वळलो. बी.कॉम. होऊन वीस-बावीस वर्षे झाली, एवढ्या व्याजाने काहीतरी जमा असेलच.

पहिले भेटले ते ॲडम स्मिथ. त्यांनी १७७६ सालीच म्हणून ठेवले आहे, की पाण्याइतके उपयोगी काही नाही, पण त्याच्या बदल्यात काही मिळत नाही. हिऱ्याचा उपयोग जवळजवळ शून्य आणि किंमत भरमसाट. मग भेटले व्हेब्लेन. १८९९ सालच्या आपल्या पुस्तकात ते म्हणतात, की काही वस्तू महाग असतात म्हणूनच हव्याशा वाटतात. किंमत हाच त्यांचा गुण. त्याही पुढे जाऊन २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी माणसांना मेंदूचा फोटो काढणाऱ्या यंत्रात निजवले आणि नळीने वाइन पाजली. एकच वाइन, एकदा नव्वद डॉलरची म्हणून, एकदा दहा डॉलरची म्हणून. लोकांना नव्वदची जास्त आवडली, आणि ते नुसते तोंडदेखले नव्हते. मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही तेव्हा जास्त चमकला. म्हणजे मेव्हण्याला पेरूची जी आठवण आली ती खोटी नव्हती. साडेनऊशेत पेरू येतोच.

पण याची दुसरी बाजू त्या यंत्रात दिसत नाही. महागपणाने चव वाढत असेल तर स्वस्तपणाने ती घटणारच. ज्याचा माल आपण स्वस्त ठरवला, त्याला आपण दोनदा नाडतो. एकदा पैशांत, आणि दुसऱ्यांदा त्याच्या मालाची गोडी, त्याची विद्या, त्याची अक्कल हिशोबात न धरता. द्राक्षाला आणि मोहाला आपण कसे वागवले ते बघा. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेसाठी धोरण आखले, वाइनला करसवलती दिल्या. चांगलेच झाले, शेतकऱ्याच्या द्राक्षाला गिऱ्हाईक मिळाले. आता मोह. चैत्राच्या सुमारास पहाटे याची फुले टपटप खाली पडतात, ठाकर-कातकरी बायका ती वेचतात, वाळवतात. बेदाण्यासारखी गोड. अडीअडचणीला पोटाला आधार, आणि सणासमारंभाला दारू. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात उरणला मोहाच्याच दारूच्या भट्ट्या होत्या. पंचमहालासारख्या लांबच्या मुलखातून फुले येत, दारू गाळली जाई, सरकारला कर मिळे, माल मुंबईला जाई. ती कायदेशीर. आणि इथल्या माणसाने आपल्याच झाडाखालची फुले वेचली, तर ती बेकायदा दारूची पूर्वतयारी! १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती बाळगण्या-विकण्यावर बंधने घातली गेली. कुलाब्याचे रायगड झाले १९८१ साली. मोहफुले गोळा करण्यावरची आणि वाहून नेण्यावरची बंधने राज्याने उठवली २०२१ साली. द्राक्षाला धोरण मिळून वीस वर्षे झाल्यावर मोहाला नुसती मोकळीक मिळाली.

हे सारे मी हिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमचे ते स्मिथ आणि व्हेब्लेन कधी बाजारात गेले होते का? भाव करणे काही पाप नाही. मी मंडईत रोज भाव करते. त्यात बोलणे होते. ती माझ्या गुडघ्याची चौकशी करते, मी तिच्या सुनेची. काचेच्या दुकानात माझ्या गुडघ्याला कोण विचारतो?"

हा मुद्दा बिनतोड होता. भाव करणेच वाईट म्हटले, तर बाजार म्हणजे नुसते यंत्र होईल. पाटी वाचा, पैसे टाका, चालू लागा. घासाघीस ही आपल्याकडची एक संभाषणकलाच आहे. आणि 'बाई गरीब आहे, देऊन टाक' म्हणून सांगेल ती किंमत तिच्या पाटीत टाकणे, हाही एक प्रकारचा भाव न देणेच. ती भीक मागत नव्हती, माल विकत होती. मग सकाळच्या त्या वीस रुपयांत खुपले ते काय?

याचे उत्तर मला बँकेत सोमवारी, कॅशच्या रांगेकडे बघताना सुचले. आमच्या धंद्यात आम्ही खरे तर एकच वस्तू विकतो: थांबणे. व्याज म्हणजे थांबण्याचा मोबदला. ज्याला थांबता येते तो पैसे ठेवतो आणि व्याज घेतो. ज्याला थांबता येत नाही तो पैसे उचलतो आणि व्याज भरतो. जगातले सगळे भाव शेवटी या एकाच प्रश्नावर ठरतात. दोघांत कुणाला थांबता येते?

वाइनच्या बाटलीला थांबता येते. फळीवर वर्षभर उभी राहिली तरी दुकानदाराचे काही बिघडत नाही, उलट 'जुनी आहे साहेब' म्हणून तो भाव खातो. शेवळं मात्र संध्याकाळपर्यंत माना टाकतात. बाईला वाडीवर परत जायचे असते, शेवटच्या टमटमला जागा मिळायची असते, आभाळ भरून आलेले असते. तिने दुसऱ्या जुडीच्या वेळी आभाळाकडे पाहिले ते उगीच नाही. मेव्हण्याला वाटले, आपण भाजीचा भाव केला. प्रत्यक्षात त्याने भाव केला तिच्या शेवटच्या टमटमचा आणि येणाऱ्या पावसाचा.

मंडईतल्या बाईशी ही भाव करते तेव्हा दोघींनाही थांबता येते. उद्या पुन्हा मंडई आहे, पुन्हा गुडघा आहे. तो भाव बरोबरीचा. पाचच्या सुमारास, आभाळ दाटलेले असताना, मोटार सुरू ठेवून रस्त्याकडेच्या पाटीशी केलेला भाव बरोबरीचा नसतो. आणि गंमत अशी, की जिथे समोरच्याला निवांत थांबता येते, जिथे भाव करायला खरोखर हरकत नाही, तिथे आपले तोंड उघडत नाही. वाइन शॉप, मॉल, फार्महाउसचे दलाल, यांच्याकडे वेळ भरपूर असतो. तिथे आपण 'थँक यू' म्हणतो. बँकेतही हेच चालते. कोट्यवधींचा कर्जदार येतो, साहेबांच्या केबिनमध्ये बसून व्याजदराचा भाव करतो आणि त्याला वर चहा मिळतो. निवृत्तिवेतनाची आजीबाई पाव टक्का जास्त मिळेल का असे कधी विचारत नाही. विचारले, तर आम्ही तिला भिंतीवरची पाटी दाखवतो.

तेव्हा माझ्यापुरता मी एक नियम करून टाकला आहे. भाव जरूर करावा, पण ज्याला थांबता येते त्याच्याशी. ज्याला थांबता येत नाही त्याला भाव द्यावा, दोन्ही अर्थांनी. मागेल ते पैसे द्यावेत, आणि ती काकडं का देते ते नीट ऐकून घ्यावे. अडीअडचणीला घसा वाचवणारे ज्ञान साडेनऊशेच्या बाटलीवर छापलेले नसते.

या नियमाची अंमलबजावणी मी वाइन शॉपपासून सुरू केली. 'साडेनऊशेची आठशेला देता का' असे जाळीतून विचारले. दुकानदार हसला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बँकेत ना? मग माझ्या कॅश क्रेडिटचा दर अर्ध्या टक्क्याने कमी करा, मी लगेच देतो."

त्याचा अर्ज सध्या हेड ऑफिसकडे आहे. बाटली वरच्या फळीवर आहे. दोघांनाही थांबता येते.